मूल होत नाही, तेव्हा घरात काय काय होते

आमच्या धाकट्या जावेचा सतवासा होता. सातव्या महिन्यात ओटी भरतात, त्याला आमच्याकडे सतवासाच म्हणतात. हिरवी साडी, हिरव्या बांगड्या, फळे, खोबऱ्याच्या वाट्या, मिठाई असे ताट आम्ही स्वतः पहाटे उठून सजवले होते. बायका जमल्या, जाऊ गादीवर येऊन बसली, आम्ही ताट घेऊन पुढे झालो. तेवढ्यात एका वडीलधाऱ्या खालांनी ते ताट हळूच आमच्या हातातून काढून घेतले. म्हणाल्या, "रहने दे बेटी, तू बैठ. सुबह से थक गयी होगी." त्यांचा सूर मायेचा होता, म्हणूनच ते जास्त लागले. ओटी दुसऱ्या एका सुनेने भरली. तिला तीन मुलगे होते. आम्ही स्वयंपाकघरात जाऊन सरबताचे ग्लास भरत राहिलो.

ही २००८ सालची गोष्ट. तेव्हा आमच्या लग्नाला चार वर्षे झाली होती. उर्दू शिकवणाऱ्या माणसाच्या तोंडात 'मी' लवकर येत नाही, घरीदारी आम्ही 'हम'च म्हणतो, आणि मराठी लिहितानाही ती सवय सुटत नाही. पण या लेखातले 'आम्ही' बऱ्याच ठिकाणी खरोखरचे दोघे आहेत, हे आणि आम्ही. लेख यांनी आधी वाचला आहे. दोन ठिकाणी शब्द बदलले, आणि एक प्रसंग, जो आम्ही गाळला होता, तो यांनी घालायला लावला.

मूल न होण्याविषयी डॉक्टरांचे लेख वाचायला मिळतात, दुआ आणि वजीफेही छापून येतात. पण अशा घरातली माणसे रोज सकाळी उठून एकमेकांशी काय बोलतात, किंवा काय बोलत नाहीत, हे फारसे कोणी लिहीत नाही. आम्ही तेवढेच लिहिणार आहोत.

एक वर्ष प्रयत्न करूनही गर्भ राहत नसेल तर तपासणी करावी, असे वैद्यकशास्त्र सांगते. बाईचे वय पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच जावे. आपल्याकडे मात्र लग्नाच्या तिसऱ्या महिन्यापासून चौकशी सुरू होते, आणि डॉक्टरकडे जायला चार वर्षे लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये जो अहवाल दिला, त्यात सहा प्रौढ माणसांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी ही अडचण येते असे म्हटले आहे. सहांमागे एक! शुक्रवारी जुम्याच्या नमाजला मशिदीत बसलेल्या रांगा डोळ्यांसमोर आणा आणि मोजा. यातल्या पुष्कळांना पुढे उपचाराने किंवा आपोआप मूल होते. पण ज्या दिवसांत होत नाही, त्या दिवसांत त्या रांगेतल्या प्रत्येकाला वाटते की हे फक्त आपल्याच वाट्याला आले आहे. आम्हालाही तसेच वाटत होते.

पहिली चार वर्षे एकच फाइल होती, आमची. सोनोग्राफी, थायरॉईड, रक्ताच्या तपासण्या, टीबीची तपासणी. गर्भाशयाचा टीबी हे आपल्या देशात मूल न होण्याचे एक मोठे कारण आहे आणि तो कुठलीही लक्षणे न दाखवता राहू शकतो, हे त्या वेळी कळले. गर्भनलिका मोकळ्या आहेत का हे बघायला औषध आत सोडून एक्स-रे काढतात, तोही झाला. त्या दिवशी टेबलावर इतके दुखले की दात ओठांत रुतले. बाहेर आलो तर सासूबाई, त्यांना आम्ही अम्मीच म्हणतो, तसबीह घेऊन बाकावर बसलेल्या होत्या. सगळे रिपोर्ट चांगले येत होते. चांगला रिपोर्ट हातात घेऊन रडणारी बाई दवाखान्यात आम्ही स्वतःच पाहिली, आरशात.

मग डॉक्टर बदलले. नव्या डॉक्टरबाईंनी फाइल चाळली, पुन्हा चाळली आणि विचारले, "मिस्टरांची तपासणी कुठे आहे?"

कुठेच नव्हती. चार वर्षांत कोणी विचारलेच नव्हते, आणि आम्हालाही सुचले नव्हते. बीएड झालेल्या दोन माणसांना! हेही शिक्षक आहेत, विज्ञान शिकवतात. दहावीच्या वर्गात प्रजननाचा धडा यांनी किती वेळा घेतला असेल.

पुरुषाची पहिली तपासणी सगळ्यांत सोपी असते. सुई नाही, भूल नाही, दुखणे नाही. दोन ते सात दिवस संयम पाळून नमुना द्यायचा, रिपोर्ट एकदोन दिवसांत मिळतो, आणि खर्च बाईच्या एका सोनोग्राफीहून फारसा जास्त नसतो. एकदा कमी आले तर काही आठवड्यांनी पुन्हा करतात, कारण ताप आला, आजारपण झाले तरी आकडा खाली जातो. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचे कारण एकट्याने किंवा बाईच्या कारणासोबत असते. म्हणून दोघांची तपासणी एकाच वेळी सुरू करायला हवी. नमुना कसा द्यायचा याचा संकोच अनेकांना असतो, हे जायज आहे का असेही विचारतात. यांनी आमच्या ओळखीच्या मौलानांना विचारले होते. ते म्हणाले, इलाजासाठी आहे, बायको सोबत आहे, मग अडचण कसली?

यांचा रिपोर्ट आला. त्या वेळच्या मापाने एका मिलिलीटरमध्ये किमान दोन कोटी शुक्राणू असावेत असे धरत, आता दीड कोटीच्या आसपास धरतात. यांचा आकडा दहा लाखांच्याही आत होता. दुसऱ्यांदा केला, तेच.

आता जो प्रसंग यांनी घालायला लावला तो. रिपोर्ट घेऊन आम्ही बसस्टँडवर आलो. गाडीला अवकाश होता. हे म्हणाले, "घरी सांगू नकोस." आम्ही लगेच म्हणालो, "नाही सांगणार." एवढेच बोलणे झाले. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षे त्या कागदाबद्दल आम्ही एकमेकांशीही बोललो नाही. तो कपाटात निकाहनाम्याच्या खाली ठेवला होता.

आम्हाला वाटले, हे प्रेम आहे. बाईला तसेही लोक बोलतातच, दोघांनी कशाला बोलणी खायची? थोडे प्रेम होतेही. पण त्याची किंमत काय पडते हे आम्हाला ठाऊक नव्हते. यांनी इशानंतर मित्रांबरोबर बसणे बंद केले. पुतण्यांना खांद्यावर घेऊन फिरणारा माणूस त्यांना जवळ घेईनासा झाला. शाळेतून उशिरा यायचे, जेवताना मोबाइल नाहीतर पेपर. बारीकसारीक गोष्टीवर चिडायचे आणि मग तासभर गप्प. बायका निदान एकमेकींपाशी रडतात. पुरुषाला रडायला जागा नसते, आणि त्यातून मूल होणे आणि मर्दानगी या दोन गोष्टी आपल्या लोकांनी एकत्र बांधून ठेवल्या आहेत. वैद्यकीयदृष्ट्या त्यांचा काही संबंध नाही. शुक्राणू कमी असलेला माणूस इतर सर्व बाबतींत अगदी धडधाकट असू शकतो. पण हे त्याला कोण सांगणार, जर रिपोर्टच कपाटात असेल?

आणि घरात दुसरा विषय निघाला. आमच्या सासूबाई वाईट नाहीत, हे आधी सांगितले पाहिजे. त्यांनी आमचे टायफॉइडचे आजारपण स्वतःच्या हाताने काढले आहे. पण त्या काळात लांबचे नातलग येत, जेवत आणि जाताना त्यांच्या कानाशी लागत. अल्लाहने चारची परवानगी दिली आहे, मुलाचे वय निघून चालले आहे, पहिलीलाही नांदवा, तिला काही कमी पडू देऊ नका. एकदा एका चुलत सासूबाईंनी आमच्या देखत एका मुलीचे नावही घेतले. आम्ही चहाचा ट्रे ठेवून उभे होतो. हे समोर खुर्चीवर बसले होते. खाली बघत.

दुसऱ्या निकाहने यांचा रिपोर्ट बदलणार नव्हता. ही साधी गोष्ट त्या खोलीत फक्त दोघांना माहीत होती आणि दोघेही गप्प होते. कुणाच्या तरी मुलीचे आयुष्य आमच्या गुपितापायी पणाला लागत होते, आणि आम्हाला अजूनही तो आपल्या दोघांचाच प्रश्न वाटत होता.

त्या रात्री आम्ही विचारले, "तिलाही चार वर्षे तपासणार का?" जन्मात एवढे कडू आम्ही कधी बोललो नसू. हे उठून गच्चीवर गेले. फजरला खाली आले ते वजू करून थेट अम्मींच्या खोलीत. दार उघडेच होते, आम्हाला ऐकू येत होते. "अम्मी, नुक्स मेरे में है. उसमें कुछ नहीं." सासूबाई खूप वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "खाने को क्या बोला डाक्टर?"

आम्ही बाहेर हसलोही आणि रडलोही. सांगायला जवळजवळ दोन वर्षे घाबरलेल्या गोष्टीचे उत्तर एवढे होते. त्यानंतर त्या कानाशी लागणाऱ्यांना सासूबाईंनीच परस्पर वाटेला लावले. काय सांगून लावले, ते त्यांनी आम्हाला कधी सांगितले नाही.

सगळ्यांचे असेच होईल असे आम्ही म्हणत नाही. काही घरांत पुरुषाचा रिपोर्ट कळल्यावर सुनेलाच दम दिला जातो की बाहेर बोललीस तर बघ. सगळ्या गावाला सांगायचीही गरज नाही. पण ज्या घरात बाईला रोज बोल लागतात, तिथे ज्याला खरे माहीत आहे त्याने ते निदान त्या उंबऱ्याच्या आत तरी बोलले पाहिजे. आणि कारण बाईकडे असेल तर? तरी नवऱ्याने आईसमोर 'आमचा इलाज चालू आहे' एवढे म्हणावे. 'तिचा' नाही, 'आमचा'. या एका शब्दाने घरातली हवा बदलते, हे आम्ही दुसऱ्या घरांतही पाहिले आहे.

आता त्या वाक्याबद्दल, जे आम्हाला सर्वांत जास्त वेळा ऐकावे लागले. "टेन्शन घेऊ नकोस, टेन्शन सोडले की आपोआप होईल." आमच्या स्टाफरूममध्ये, लग्नात, बसमध्ये, अगदी मय्यतीच्या घरीही. सोबत एक उदाहरण असते: अमकीने आशा सोडली, हजला जाऊन आली, आणि लगेच राहिले. बोलणारी माणसे चांगली असतात. पण ऐकणारीच्या मनात काय होते? मूल होत नाही म्हणून ती दुःखी, आणि दुःखी आहे म्हणून मूल होत नाही, म्हणजे शेवटी दोष तिचाच. ती आता रडायलाही घाबरते.

या बोलण्याची खरोखर तपासणी झालेली आहे. आयव्हीएफ म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार घेणाऱ्या ३,५८३ बायकांवरचे चौदा अभ्यास ब्रिटनमधल्या जॅकी बोइव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकत्र करून पाहिले. उपचाराआधी जास्त चिंता आणि उदासी असलेल्या आणि नसलेल्या बायकांमध्ये गर्भ राहण्याच्या प्रमाणात त्यांना फरक आढळला नाही. २०११ मध्ये ते ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आले. उलट बाजूनेही एक गोष्ट ठाऊक आहे. १९९३ मध्ये अमेरिकेत ॲलिस डोमर यांनी मूल न होणाऱ्या बायकांच्या मनाच्या त्रासाची इतर रुग्णांशी तुलना केली, तेव्हा त्यांची चिंता आणि उदासी कॅन्सरच्या रुग्णांइतकी निघाली. कॅन्सरच्या रुग्णाला आपण 'टेन्शन घेऊ नकोस, बरी होशील' असे म्हणून उठून जातो का? तिच्याजवळ बसतो, डबा नेऊन देतो.

तेव्हा ताण कमी करायचा तो मूल व्हावे म्हणून नाही. ताण हेच एक दुखणे आहे म्हणून. झोप येत नाही, जेवण जात नाही, पाळी आली की दोन दिवस अंथरुणातून उठवत नाही, नमाजमध्ये मन लागत नाही, हे महिनोन् महिने चालत असेल तर त्याचाही इलाज असतो.

इथे काही बहिणी म्हणतील, आपल्याकडे सब्र आहे, दुआ आहे, मग मनाचा डॉक्टर कशाला? आमच्या माहेरच्या अम्मी हेच म्हणत. रडलो की त्या म्हणत, "नाशुक्री मत कर." त्यामुळे आम्ही वर्षानुवर्षे अल्लाहसमोरही तोंड नीट ठेवून बसत होतो, जणू हेडमास्तरांसमोर बसलो आहोत.

मग एका रमजानमध्ये सूरह मरयम तर्जुम्यासह सावकाश वाचली. त्याआधी किती वेळा तिलावत केली होती! सुरुवातच हजरत जकरिया (अ.) यांच्यापासून आहे. हाडे ठिसूळ झालेला, डोके पांढरे झालेला एक म्हातारा माणूस कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात आपल्या रबला हाक मारतो आणि मूल मागतो. पैगंबर होते ते! त्यांनी मागितले, आपल्या दुबळेपणाचा पाढा वाचून मागितले, आणि कुरआनने त्याला नाशुक्री म्हटले नाही. हजरत याकूब (अ.) यांचे डोळे मुलाच्या विरहात रडून रडून पांढरे झाले, आणि सुंदर सब्र ही गोष्टही आपण त्यांच्याच तोंडून शिकतो. म्हणजे सब्र करणारा रडतो. तो फक्त दार सोडून जात नाही.

सूरह शूराच्या शेवटाकडे अल्लाह आपल्या मर्जीने कुणाला मुली देतो, कुणाला मुलगे, कुणाला दोन्ही, आणि कुणाला वांझ ठेवतो, असा उल्लेख आहे. चौघांचा एकाच दमात. शेवटच्याला पापी म्हटलेले नाही, शिक्षा झालेला म्हटलेले नाही. मग ताट काढून घेणाऱ्या खालांना अपशकुन कुठून मिळाला? पैगंबर (स.) यांनी तर शकुन-अपशकुन मानण्याला स्पष्ट नकार दिला आहे.

आणि हजरत आयशा (रजि.). त्यांना मूल नव्हते. अरबांत आईला मुलाच्या नावाने हाक मारत, अमक्याची आई. मैत्रिणींना अशी नावे होती, त्यांना नव्हते. त्यांनी हे पैगंबरांना बोलून दाखवले. तेव्हा पैगंबरांनी त्यांना बहिणीच्या मुलाच्या, अब्दुल्लाहच्या, नावाने 'उम्मे अब्दुल्लाह' म्हणवून घ्यायला सांगितले. हे वाचले तेव्हा आम्ही पुस्तक बाजूला ठेवले. त्यांनाही ते टोचले होते. त्यांनी सांगितले, आणि ऐकणाऱ्याने 'सब्र कर' एवढ्यावर बोळवण केली नाही, काहीतरी हातात दिले. दोन हजारांहून जास्त हदीसी ज्यांच्यामुळे आपल्यापर्यंत आल्या, त्या बाईला कोणी अपुरी म्हणेल का?

बाबा-तावीजांवर जास्त लिहीत नाही. आम्हीही दोन तावीज बांधले, एक पुडीचे औषध घेतले, त्यातल्या पुडीने पोट बिघडले. एवढेच सांगतो, कोणीही इलाजासाठी बाईला एकटीला आत बोलावले तर सासू सोबत असो वा नसो, तिने उठून यावे.

दवाखान्यातल्या उपचारांना धर्माची हरकत आहे का, ही शंका अजूनही ऐकू येते. टेस्ट ट्यूब बेबीचा पहिला जन्म १९७८ सालचा, इंग्लंडमधला. अवघ्या दोन वर्षांत, १९८० मध्ये, इजिप्तचे तेव्हाचे मुफ्ती शेख जाद-अल-हक यांनी फतवा दिला: बीज नवरा-बायकोचेच असेल, निकाह कायम असेल, तिसऱ्या कुणाचा संबंध नसेल, तर हा इलाज जायज. सुन्नी उलेमांचे बहुमत आजही त्याच मर्यादेवर आहे. आपल्या महाराष्ट्रात तर हे घरचेच झाले आहे. १९८६ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून असे बाळ जन्मले. दुसऱ्याचे बीज वापरायचे नसेल तर ते डॉक्टरला पहिल्याच भेटीत सांगून लिहून घ्यावे, आम्ही घेतले होते. यांच्यासारख्या रिपोर्टला इक्सी नावाची पद्धत असते, एकच शुक्राणू सुईने बीजात सोडतात.

आम्ही दोनदा केले. प्रत्येक वेळी लाखाच्या पुढे खर्च. पहिल्यांदा आमच्या बांगड्या, दुसऱ्यांदा यांचे सोसायटीचे कर्ज. इंजेक्शनांचे दुखणे विसरले. विसरत नाहीत ते गर्भ आत सोडल्यानंतरचे पंधरा दिवस. पायरी चढताना, शिंकताना, सजद्याला वाकताना भीती. रोज रात्री हे विचारायचे, "काही वाटते का?" आणि आम्ही म्हणायचो, "वाटते आहे." काही वाटत नसायचे. पहिल्या वेळी अकराव्या दिवशी, सातवीच्या परीक्षेची देखरेख करताना समजले. अर्धा तास उरला होता. पेपर गोळा केले, मोजले, गठ्ठा बांधला, सही केली. मग घरी फोन लावला.

पहिल्या फेरीत अपयश येणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे, हे पैसे भरण्याआधी नीट सांगणारे डॉक्टर कमीच भेटतात. म्हणून दोघांनी आधीच बसून ठरवावे: किती वेळा, किती पैशापर्यंत, आणि कुणाला सांगायचे. आम्ही पहिल्या वेळी अकरा जणांना सांगितले होते आणि मग अकरा जणांना नाही म्हणून सांगावे लागले. दुसऱ्या वेळी फक्त सासूबाईंना. आता २०२१ चा कायदा आहे. त्यानुसार अशा केंद्रांनी नोंदणी केलेली हवी, बाईचे वय २१ ते ५० आणि पुरुषाचे २१ ते ५५ असावे लागते, आणि जोडप्याला समुपदेशन देणे हे केंद्राचे काम आहे. ते आपला हक्क म्हणून मागावे, दोघांनी सोबत बसावे. आमच्या वेळी असे काही मिळाले नाही. केंद्रापर्यंत जायचे नसेल तर सरकारची टेलिमानस सेवा आहे, १४४१६ हा क्रमांक. फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येते, नाव सांगण्याची सक्ती नाही. पुरुषांनी तर तिथे जरूर बोलावे. समोर कोणी ओळखीचे नसते.

दुसऱ्या वेळेनंतर आम्ही थांबलो. थांबायला दोघांना एकाच दिवशी जमले नाही. हे आधी थांबले, आम्ही त्यानंतर वर्षभर गुपचूप दवाखान्याच्या पाट्या वाचत होतो. यांनी ते पाहिले होते आणि बोलले नाहीत. या वेळचे न बोलणे निराळे होते.

मूल घ्या, असे लोक सहज सांगतात. इस्लामने यतीम मुलाला वाढवण्याला मोठा दर्जा दिला आहे, फक्त त्याचा बाप पुसून आपले नाव लावू नका, असे सूरह अहजाबमध्ये सांगितले आहे. कायद्याने पूर्वी आपल्याला १८९० च्या पालकत्व कायद्याखाली पालक होता येत असे. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितले की बालन्याय कायद्याखाली कुठल्याही धर्माच्या माणसाला रीतसर दत्तक घेता येते, घेणे न घेणे त्याची मर्जी. हा रस्ता ज्याचा त्याने ठरवावा. पण कुणाच्या दुःखावर तोडगा म्हणून मूल आणू नये, त्या मुलावर ते ओझे फार होते. आमच्याकडे दिराची मुलगी पाचवीपासून शिकायला आहे, तीच, जिच्या सतवाशाचे ताट आमच्या हातून गेले होते. ती आम्हाला बडी अम्मी म्हणते आणि सुट्टीत आपल्या आईकडे जाते. ती गेली की घर मोठे होते. आम्ही तिला ते जाणवू देत नाही, निदान तसा प्रयत्न करतो.

दुःख गेले का? ईदच्या सकाळी गल्लीतली मुले ईदीला येतात, हे पाकिटे घेऊन दारात उभे असतात, तेव्हा अजून एक क्षण जातो. पूर्वी आम्ही तो क्षण वेगवेगळ्या खोल्यांत काढायचो.

गेल्या महिन्यात आमच्या शाळेतल्या एका नव्या बाई मधल्या सुट्टीत जवळ येऊन बसल्या. लग्नाला अडीच वर्षे झाली आहेत. पिशवीतून फाइल काढली, जाडजूड, तीन दवाखान्यांची. आम्ही चाळली. सोनोग्राफी, थायरॉईड, तो एक्स-रेही झालेला. आम्ही विचारले, मिस्टरांची? त्या खाली बघू लागल्या. म्हणाल्या, "त्यांना कसे सांगू, आपा?" आम्ही म्हटले, तुम्ही नका सांगू, शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा आहे, दोघे घरी जेवायला या. हे बोलतील.